दोन घरचा पाहुणा

१९६८ साली मी कॉलेजात होतो आणि जगातलं सगळं मला समजत होतं. वक्तृत्व स्पर्धेत विषय निघाला न्यायमूर्ती रानडे. सात मिनिटांत मी त्यांना पार धुऊन काढलं. विधवाविवाहाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण स्वतःवर वेळ आल्यावर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो. चहाच्या एका पेल्यापायी ब्राह्मणांपुढे बसून प्रायश्चित्त घेतो. असला कसला सुधारक, असा एकूण सूर. टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं.

खरी गंमत घरी झाली. आमचे आजोबा कट्टर सनातनी. संध्या चुकली तर पाणी न पिणारे. नातवाने कुणाची तरी खरडपट्टी काढली एवढं कळताच त्यांनी अख्खं भाषण पुन्हा म्हणून घेतलं आणि आपल्या फडताळातला पेढा स्वतःच्या हाताने मला भरवला. मी रानड्यांना झोडपलं ते पुरेसे सुधारक नव्हते म्हणून. आजोबांना आनंद झाला, कारण त्यांच्या लेखी रानडे फाजील सुधारक होते. एकाच माणसाला आम्ही दोघं दोन टोकांवरून नावं ठेवत होतो आणि पेढा मात्र एकच खात होतो. माझी आत्या तेवढी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिच्याकडे मी नंतर येतो.

महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मले. कोल्हापुरात शाळा, मुंबईत एल्फिन्स्टन, विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांत नाव. १८७१मध्ये न्यायाधीश म्हणून ते पुण्याला आले आणि पुढची वीस-बावीस वर्षं, मधल्या बदल्या सोडल्या तर, या शहरात जे जे उभं राहिलं त्यात त्यांचा हात होता. सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, हुजूरपागेची मुलींची शाळा. यादी बरीच लांबेल आणि पाठ्यपुस्तकांत ती आहेच.

पाठ्यपुस्तकांत घाईने उरकलेलं असतं ते १८७३ साल. त्या ऑक्टोबरात पहिली पत्नी सखूबाई गेली. रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांचं नाव पुढे होतं, म्हणजे आता ते विधवेशीच लग्न करणार असं मित्रांनी गृहीत धरलं. तेच वडिलांनीही गृहीत धरलं. म्हणूनच त्यांनी तातडीने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे. रानड्यांना मुळात लग्नच करायचं नव्हतं. धाकटी बहीण दुर्गा ऐन तारुण्यात विधवा होऊन घरात होती. तिच्या लग्नाचा विषय निघत नाही, मग माझ्याच लग्नाची एवढी घाई कशाला, असा त्यांचा वडिलांना प्रश्न होता. वडील हटले नाहीत. शेवटी मुलगा वाकला.

या वाकण्याचं समर्थन मी आजही करणार नाही. ते करता येतही नाही. पण १९६८ साली मी तिथेच थांबलो होतो. लग्न लागल्यावर लगेच या माणसाने त्या मुलीपुढे पाटी ठेवली, हे मी भाषणात घेतलं नव्हतं. घरातल्या बायकांनी तिला टोमणे मारमारून जेरीस आणलं. रानड्यांनी त्यांच्याशी भांडण मांडलं नाही. तिने ऐकून घ्यावं, उलट बोलू नये आणि शिकणं सोडू नये, एवढंच ते तिला सांगत राहिले. दूरदर्शन संचावर २०१२ साली रमाबाईंवरची मालिका लागली तेव्हा घरोघर हे प्रसंग पाहून डोळे पुसले गेले. पण आपल्याच घरातल्या माणसांना न तोडता सुधारणा करायची म्हणजे रोजचं काय सोसावं लागतं, ते मालिकेपेक्षा रमाबाईंच्या पुस्तकात जास्त कळतं.

बाहेर त्यांना दोन्ही बाजूंनी सोसावं लागलं. १८७५ साली स्वामी दयानंदांची मिरवणूक पुण्यात निघाली. रानडे त्यात पुढे, जोतीराव फुले आपली माणसं घेऊन पाठीशी. सनातन्यांनी शेजारून गाढवाची मिरवणूक काढली आणि चिखलफेक केली. पुढे १८७९मध्ये वासुदेव बळवंतांच्या बंडानंतर सरकारलाही या शांत न्यायाधीशाचा संशय आला. त्यांची धुळ्याला बदली झाली, टपालावर नजर ठेवली गेली. सनातन्यांना ते साहेबाचे हस्तक वाटत, तर साहेबाला ते बंडखोर वाटत.

सगळ्यात गाजलं ते पंचहौद मिशनचं चहापान. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्यातल्या या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी हातही लावला नाही. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं पुणेवैभव पत्रात छापून आणली आणि गावात भडका उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. दरम्यान, यादीतल्या माणसांवर बहिष्कार पडला. घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकींना माहेरी पाठवेनात. बडे लोक तरून जातात; त्यात होरपळतात ती लहान पगाराची माणसं. अशा मित्रांसाठी १८९२मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. कडव्या सुधारकांनी त्यांना भित्रं ठरवलं. सनातन्यांनी मानलं, की शेवटी यांनाही आपला धर्मच खरा वाटतो. मित्रांसाठी माणूस स्वतःची अब्रू खर्ची घालू शकतो, हे दोन्ही गोटांत फारसं कुणाला सुचलं नाही.

गैरसमजाचा वाटा एकट्या रानड्यांनाच आला असंही नाही. संमतिवयाचा वाद १८९०-९१मध्ये पेटला. संमतीचं वय दहाचं बारा करणाऱ्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, तेव्हा सुधारकांनी त्यांच्यावर कायमचा शिक्का मारला. पण याच टिळकांनी सुधारकांपुढे स्वतःची कलमं ठेवली होती. मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, हुंडा नको, विधवेचं केशवपन नको. आणि ज्यांना हे पटतं त्यांनी आधी सही करून स्वतःला बांधून घ्यावं. म्हणजे वयाच्या बाबतीत ते कायद्याच्या पुढे होते. परक्या सरकारने आपल्या घरात शिरू नये, हा त्यांचा मुद्दा. रानड्यांचं म्हणणं, दहा वर्षांच्या पोरीला तेवढं थांबायला वेळ नाही. मला विचाराल तर या वादात रानडे बरोबर होते. पण सुधारकांनी टिळकांची कलमं निव्वळ डावपेच म्हणून उडवून लावली आणि समोरच्या पक्षातला सोबती होऊ शकणारा माणूस गमावला.

१८९५मध्ये काँग्रेस पुण्यात भरली. तोपर्यंत काँग्रेसच्याच मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद होत असे. या वेळी विरोध इतका तापला की मांडव जाळण्याची भाषा सुरू झाली. रानड्यांनी परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात हलवली. पुन्हा एका बाजूने माघार म्हटलं, दुसरीने विजय म्हटलं. परिषद मात्र झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे गेले तेव्हा केसरीत टिळकांनी जो मृत्युलेख लिहिला, तितका मनापासूनचा गौरव त्यांच्या स्वतःच्या गोटातूनही कमीच झाला असेल.

आता आत्याचं. माझ्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी ती मला अंगणात तुळशीपाशी घेऊन गेली. आत्या अकराव्या वर्षी, १९२१मध्ये, विधवा झाली होती. तिला शिकवावं असं आजीने धरून बसल्यावर आजोबांपुढे प्रश्न पडला, की पाठवायचं कुठे. हिंगण्याला कर्व्यांचा आश्रम होता. पण कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलेलं, तेव्हा तिथे मुलींची पुन्हा लग्नं लावतात असा आजोबांचा ठाम समज. तो साफ चुकीचा होता. कर्व्यांनी ही दोन कामं कसोशीने वेगळी ठेवली होती. पण आजोबा तिथे चौकशीलाही गेले नाहीत. उरलं सेवासदन. ते रमाबाई रानड्यांचं. रानड्यांनी सुधारणेच्या नादात काहीही केलं असलं, तरी वडिलांचा शब्द मोडला नाही आणि शास्त्राप्रमाणे प्रायश्चित्तही घेतलं. तेव्हा ते घर आपल्यातलंच, असा आजोबांचा हिशेब. त्या हिशेबावर आत्या सेवासदनात गेली, शिकली, शिक्षिका झाली. माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे तिच्या पगारातून यायचे.

म्हणजे ज्या दोन गोष्टींवर मी टाळ्या घेतल्या होत्या, नेमक्या त्याच दोन गोष्टींमुळे आमच्या घरचं दार उघडलं होतं. आत्या रागावली नव्हती. तिने एवढंच विचारलं, की तुझ्या मनासारखे रानडे असते तर मी कुठे असते? आणि आजोबांना यातलं काही सांगू नकोस म्हणाली. त्यांना तो पेढा गोड लागला होता.

मी वरमलो, आणि पुढे वर्षानुवर्षं हा किस्सा रानड्यांच्या बाजूने सांगत आलो. अलीकडे मात्र तो सांगताना दुर्गाबाई आठवतात. भावाने वडिलांपुढे तिचा दाखला दिला, पण लग्न झालं ते भावाचंच. आत्या १९८६मध्ये गेली. सेवासदनामुळे तिला पुस्तकं मिळाली, पगार मिळाला, मान मिळाला. तिला पुन्हा संसार करावासा वाटला होता का, हे आजोबांनी तिला कधी विचारलं नाही. तुळशीपाशी उभा असताना मीही विचारलं नाही.