प्रश्न विचारून शरण गेलेला राजा : मिलिंद

बाबासाहेबांनी पूर्वीच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली जे महाविद्यालय सुरू केले त्याला पुढे मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनाचे. आमच्या धाडसारख्या खेड्यांतून कितीतरी मुले तेथे शिकली. पण हा मिलिंद कोण, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. म्हणून हे चरित्र.

मिलिंद हा ग्रीक राजा. त्याचे मूळ नाव मिनँडर. ग्रीकांना आपल्याकडे यवन किंवा योनक म्हणत. त्यांचा मूळ देश डोंगरांनी तुटलेला, समुद्राने वेढलेला. म्हणून एकेका खोऱ्यात एकेक नगरराज्य. अथेन्समध्ये नागरिक सभेत जमून वाद करीत, मत देत. मात्र स्त्रियांना व गुलामांना त्या सभेत जागा नव्हती. तथागतांनी अस्सलायन या ब्राह्मण तरुणाला याच यवनांचा दाखला दिला. तेथे मालक व गुलाम असे दोनच वर्ण, आणि मालकाचा गुलाम व गुलामाचा मालक होऊ शकतो. मग वर्ण जन्माने कसा ठरणार?

इ. स. पूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडर पंजाबात आला. त्याच्यानंतर बॅक्ट्रियात ग्रीक राज्य उभे राहिले व पुढे ते ग्रीक पंजाबात उतरले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात मिलिंद तेथे राज्य करीत होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे मानतात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत असे. ती नाणी पुढे दोनशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात चालत.

राजा वादात मोठा निष्णात. त्याच्या शंका कोणाला फेडता येईनात. अखेर भिक्खू नागसेन भेटले. त्यांनी आधीच अट घातली, की चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. कारण पंडित चूक दाखवली तर रागावत नाही, राजा मात्र दंड करतो. सिंहासनावरच्या माणसाने ही अट मान्य केली! मग नागसेनांनी त्याच्याच रथाचे उदाहरण घेतले. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जूही नव्हे. तसाच माणसात वेगळा आत्मा सापडत नाही. राजाने प्रश्नामागून प्रश्न केले आणि समाधान झाल्यावरच तो उपासक झाला. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ त्याच संवादाचा. पाली परंपरा सांगते, की शेवटी मुलाकडे राज्य सोपवून तो भिक्खू झाला. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की तो छावणीत वारला व त्याच्या अस्थी नगरांनी वाटून घेऊन त्यांवर स्मारके बांधली.

मनुस्मृतीने यवनांना धर्मभ्रष्ट, शूद्रत्वाला गेलेले ठरवले. धम्माने त्यांना जवळ केले. आपल्याच महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन दात्यांची नावे आजही कोरलेली आहेत.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षे त्यांनी शोधण्यात, तपासण्यात घालवली. आपल्या मुलांना मात्र धम्म जन्मानेच मिळतो. ती वंदना पाठ म्हणतात, पण अर्थ विचारला की आपण त्यांना गप्प करतो. बंधू-भगिनींनो, विहारात मुलाने शंका काढली तर त्याला दटावू नका. नागसेनांनी राजाला उत्तर दिले तसे त्याला उत्तर द्या. येत नसेल तर त्याच्याबरोबर ग्रंथ उघडून बसा.