शनिवारवाड्यातील हाक

प्रस्तावना

जुनी वास्तू आणि भुताची गोष्ट यांचे नाते जगभर आढळते. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात जिन राहतात, अशी अनेकांची श्रद्धा आहे. गुरुवारी लोक तेथे जातात, आपले गाऱ्हाणे कागदावर लिहितात आणि तो कागद भिंतीच्या कोनाड्यात ठेवून येतात. इंग्लंडमध्ये लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट नावाचा राजवाडा आहे. राजा आठवा हेन्री याची पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड हिचा १५४२ मध्ये शिरच्छेद झाला. दयेची याचना करण्यासाठी ती पहारेकऱ्यांच्या हातून निसटून राजाकडे धावली, असे सांगतात. त्या राजवाड्याच्या एका लांब सज्जात तिची किंकाळी अजून ऐकू येते, अशी आख्यायिका आहे.

महाराष्ट्रात अशी कथा पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी सांगितली जाते. कोणी अमावास्येच्या, तर कोणी पौर्णिमेच्या रात्रीचे नाव घेतो. परंतु कथा एकच असते. एक कोवळा मुलगा आपल्या काकांना हाक मारत, प्राण वाचवण्याची विनवणी करत वाड्यातून धावतो. हा मुलगा म्हणजे नारायणराव पेशवे. त्यांचे भूत सर्वांना माहीत आहे; त्यांचे आयुष्य मात्र फारसे कोणाला माहीत नाही. या पाठात आपण ते जाणून घेऊ.

पोरके बालपण

नारायणरावांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ रोजी झाला. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते धाकटे पुत्र. घरात सत्ता होती, संपत्ती होती; परंतु नारायणरावांच्या वाट्याला सुख फार थोडे आले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताच्या रणांगणावर त्यांचे थोरले बंधू विश्वासराव धारातीर्थी पडले. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या त्या भूमीवर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब त्याच वर्षी जून महिन्यात निवर्तले. सहा वर्षांचेही न झालेले नारायणराव पितृछत्राला पारखे झाले.

दुसरे बंधू माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. त्यांनी कोसळलेले राज्य पुन्हा उभे केले. चुलते रघुनाथराव यांना मात्र पुतण्याची सत्ता सहन झाली नाही. ते शूर होते, उत्तरेतील मोहिमांत त्यांनी कीर्ती मिळवली होती. परंतु पेशवेपदाच्या लोभाने त्यांना घेरले. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. पुढे माधवरावांना क्षयाने गाठले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी धाकट्या भावाला त्यांनी चुलत्यांच्या आणि कारभाऱ्यांच्या हाती सोपवले होते.

साडेआठ महिन्यांचे पेशवेपद

१३ डिसेंबर १७७२ रोजी साताऱ्यास छत्रपतींकडून नारायणरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. वडील नव्हते, कर्ता भाऊ नव्हता, आई गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास राहत होत्या. स्वभाव उतावळा आणि शीघ्रकोपी. अनुभवी कारभाऱ्यांशी त्यांचे पटेना. त्यांच्यात माधवरावांचा करारीपणा होता, असे म्हणता येईल. परंतु माणसे जोडण्याची हातोटी नव्हती. ती यायला जो अवधी लागतो, तो त्यांना मिळालाच नाही.

काका-पुतण्यांचे सूत काही दिवस जमले. नंतर संशय वाढला. रघुनाथरावांनी वाड्यातून निसटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यावरील पहारा अधिक कडक झाला. एकाच वाड्यात एक जण सत्तेवर आणि दुसरा कैदेत, अशी ती विचित्र स्थिती होती. असंतुष्ट लोकांना ही संधीच वाटली. वाड्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या गारद्यांशी गुप्त मसलती सुरू झाल्या. पुतण्याला पकडून काकांना मुक्त करावे, असा तो बेत होता.

तो दिवस

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. नारायणरावांना अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कटाची कुणकुण त्यांच्या कानी आली होती आणि बंदोबस्त करण्याची आज्ञाही त्यांनी दिली होती. ती वेळेवर अमलात आली नाही.

दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ यांच्या नेतृत्वाखाली गारदी थकलेल्या पगाराची मागणी करत वाड्यात घुसले. ज्यांनी अडवले, त्यांना त्यांनी कापून काढले. विश्रांती घेत असलेले नारायणराव गोंगाटाने जागे झाले. ते प्रथम काकू पार्वतीबाई यांच्याकडे धावले आणि तेथून रघुनाथरावांच्या दालनात गेले. त्यांनी काकांच्या कमरेला मिठी मारली आणि जिवाची भीक मागितली. राज्य तुम्ही घ्या, मला कैदेत ठेवा, पण जगू द्या, अशी ती विनवणी होती, असे परंपरा सांगते. सुमेरसिंग आणि रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार यांनी त्यांना ओढून काढले. चापाजी टिळेकर नावाच्या इमानी सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. दोघेही तलवारीला बळी पडले. त्या दिवशी वाड्यात आणखीही अनेक निरपराध माणसे मारली गेली.

न्यायाची लढाई

रघुनाथराव पेशवे झाले. परंतु पुण्यात एक माणूस असा होता, की ज्याने हा खून पचू दिला नाही. ते म्हणजे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली, पुरावे तपासले आणि खुनाचा दोष राज्याच्या सर्वोच्च सत्ताधीशावर ठेवला. देहान्त हेच या पापाचे प्रायश्चित्त, असा निर्णय त्यांनी भर दरबारात दिला, असे सांगितले जाते. मग अन्यायी राजवटीत राहायचे नाही, म्हणून पद सोडून ते पुण्याबाहेर पडले.

दरम्यान नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गर्भवती होत्या. सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवले. हेच इतिहासातील बारभाईंचे कारस्थान होय. १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र जन्मला. तो अवघा चाळीस दिवसांचा असताना पेशवा झाला. तोच सवाई माधवराव.

सत्ता गमावलेल्या रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. १७७५ च्या सुरतेच्या तहातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध उद्भवले आणि ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. मारेकऱ्यांपैकी काहींना मृत्युदंड मिळाला. रघुनाथराव मात्र १७८३ मध्ये कोपरगाव येथे आपल्या मरणाने गेले. रामशास्त्र्यांचा निर्णय अमलात आलाच नाही.

दंतकथा काय सांगते, काय लपवते

या हत्येभोवती आणखी एक कथा गुंफली गेली. नारायणरावांना धरावे, असा मूळ हुकूम होता. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी एक अक्षर बदलून मारावे असे केले, अशी ती कथा आहे. ध चा मा करणे हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. परंतु आनंदीबाईंनी असे केल्याचा निर्णायक पुरावा मिळालेला नाही. म्हणजेच, ज्या लोककथेने एका निरपराध मुलावरील अन्याय विसरू दिला नाही, तिनेच एका स्त्रीला पुराव्यावाचून दोषी ठरवले. दंतकथा वाचताना तिच्या या दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात.

भुताचे काय? ज्या दालनांतून नारायणराव धावले, ती आज अस्तित्वातच नाहीत. १८२८ मध्ये लागलेल्या प्रचंड आगीत वाड्याच्या लाकडी इमारती भस्मसात झाल्या. आता तट, बुरूज, जोती, कारंजी आणि पाच दरवाजे तेवढे उरले आहेत. उत्तरेकडे तोंड केलेला भव्य दिल्ली दरवाजा मराठ्यांच्या आकांक्षांची आठवण देतो, तर नारायण दरवाजा त्या दुर्दैवी मुलाची. त्याचा मृतदेह याच दरवाजाने बाहेर नेला, असे लोक सांगतात.

दालने जळाली, हाक मात्र राहिली. ती कानांनी ऐकू येत नाही. ती लोकांच्या स्मरणात आहे. परक्याने केलेला घात माणूस कालांतराने विसरतो. ज्याच्या कमरेला मिठी मारली, त्यानेच मिठी सोडवू दिली, हे मात्र विसरणे कठीण असते. कोटल्याच्या कोनाड्यात गाऱ्हाणे ठेवणारा माणूस आणि शनिवारवाड्याची कथा सांगणारा पुणेकर, दोघांनाही एकच गोष्ट हवी असते : कोणीतरी ऐकावे. नारायणरावांची हाक रामशास्त्र्यांनी ऐकली होती. म्हणून ही कथा सांगताना त्या न्यायाधीशाचे नावही घ्यावे.

शब्दार्थ
गारदी – कवायती शिक्षण घेतलेला भाडोत्री शिपाई
मसलत – सल्ला, खलबत
धारातीर्थी पडणे – युद्धात वीरमरण येणे
जोते – इमारतीचा पायथा, चौथरा

स्वाध्याय
१. नारायणरावांच्या स्वभावाचे दोन विशेष लिहा.
२. रामशास्त्री प्रभुणे यांनी पुणे का सोडले?
३. या पाठातील इतिहास कोणता आणि दंतकथा कोणती, ते दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी सांगितली जाणारी कथा आठ ते दहा ओळींत लिहा.