सुपरमॅनला उडायला शिकवणारा माणूस

रविवारी रात्री आमच्या हॉस्टेलची मेस बंद असते. मग गेटसमोरच्या गाडीवर अंडाभुर्जी-पाव खाता खाता जगातले सगळे महत्त्वाचे प्रश्न सोडवले जातात. त्यातला कायमचा प्रश्न म्हणजे सर्वांत भारी सुपरहिरो कोण? कुणी बॅटमॅनवाला, कुणी स्पायडरमॅनवाला, आणि एक जण तर शक्तिमानशिवाय काही ऐकूनच घेत नाही. मी मात्र दर वेळी एकच उत्तर देतो आणि दर वेळी हसं करून घेतो. माझं उत्तर असतं, १९४१ ते १९४३ या काळातली सुपरमॅनची सतरा कार्टून्स.

"कार्टून? अरे, इंजिनिअर होणार ना तू?" हे ठरलेलं वाक्य येतंच. म्हणून म्हटलं, भुर्जीच्या गाडीवर जे पूर्ण सांगता येत नाही ते एकदा मॅगझिनमध्ये सांगून टाकावं. कारण ही कार्टून्स ज्याच्या स्टुडिओत सुरू झाली तो मॅक्स फ्लायशर आपल्याच जातकुळीतला माणूस होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि कानावर पेन्सिल! पोपाय आणि बेटी बूप पडद्यावर आणले ते त्यानंच. पोपाय आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण त्याच्यामागचा मॅक्स फारसा कुणाला माहीत नाही.

मॅक्सचा जन्म १९ जुलै १८८३ चा, क्राकोव्हमधला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू शिंप्याचं. १८८७ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि पोरं ब्रुकलिनमध्ये वाढली. मॅक्सनं चित्रकला शिकली आणि कारागिरांच्या शाळेत यंत्रांचंही शिक्षण घेतलं. 'ब्रुकलिन डेली ईगल' या वर्तमानपत्रात तो निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला आणि तिथंच व्यंगचित्रकार झाला. पुढे 'पॉप्युलर सायन्स' या मासिकाचा तो कलासंपादक होता. म्हणजे दिवसभर नव्या नव्या यंत्रांची चित्रं आणि माहिती डोळ्यांखालून जायची. असा माणूस स्वस्थ कसा बसेल?

त्या काळची कार्टून्स धक्के खात चालायची. पात्रानं हात वर केला की तो हात नसून फुटपट्टी वाटायची. मॅक्सचा फंडा सोपा होता. माणसाची हालचाल आधी खऱ्या कॅमेऱ्यानं टिपायची. मग ती फिल्म एकेक फ्रेम थांबवत प्रोजेक्टरनं काचेवर पाडायची, काचेवर कागद ठेवायचा आणि चित्र गिरवायचं. फर्स्ट इयरला ड्रॉइंगचं सबमिशन आलं की आपण रात्री काचेखाली दिवा लावून काय करतो? जीटीच ना! मॅक्सनं जीटीचं पेटंट घेतलं, एवढाच फरक. डिसेंबर १९१५ मध्ये अर्ज केला आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये पेटंट हातात पडलं. यंत्राचं नाव रोटोस्कोप.

पहिल्या प्रयोगासाठी धाकट्या भावाला, डेव्हला, विदूषकाचे कपडे घालून गच्चीवर नाचवलं आणि त्याची फिल्म घेतली. दुसरा भाऊ ज्यो यंत्रं जुळवण्यात हुशार, तोही मदतीला. नोकऱ्या सांभाळून तिघं भाऊ रात्री घरीच गिरवत बसायचे. मिनिटभराच्या फिल्मला जवळजवळ वर्ष गेलं. पण पडद्यावरचा विदूषक खऱ्या माणसासारखा हलला! त्यातूनच 'कोको' नावाचा विदूषक जन्मला. 'आउट ऑफ द इंकवेल' या मालिकेत तो शाईच्या दौतीतून बाहेर यायचा, खऱ्याखुऱ्या मॅक्सच्या टेबलावर धिंगाणा घालायचा आणि शेवटी परत दौतीत जायचा. १९२१ मध्ये भावांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. व्यवहार आणि यंत्रं मॅक्सकडे, दिग्दर्शन डेव्हकडे.

माझ्या मते मॅक्सचं हे दशक सगळ्यात दुर्लक्षित आहे. १९२३ मध्ये त्यानं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर चित्रपट काढला, १९२५ मध्ये उत्क्रांतीवर. १९२४ पासून 'साँग कार-ट्यून्स' नावाची मालिका सुरू केली. तिच्यात पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे आणि एक पांढरा चेंडू ज्या शब्दावर टप्पा घेईल तो शब्द प्रेक्षकांनी गायचा. आज कॅराओकेत आपण जे करतो त्याचा हा पणजोबाच. त्यातल्या काही फिल्मना फिल्मच्या पट्टीवरच उमटवलेला आवाजसुद्धा होता. पहिलं बोलकं कार्टून म्हटलं की सगळे डिस्नेच्या १९२८ च्या 'स्टीमबोट विली'चं नाव घेतात. मॅक्सचा आवाज त्याच्या आधीचा. पण इतिहासात पहिला येऊन उपयोग नसतो, ते गावभर सांगावंही लागतं. सांगण्याच्या कलेत वॉल्ट डिस्ने बाप होता.

१९३० मध्ये बेटी बूप आली, १९३३ मध्ये पोपाय. पोपाय मूळचा एल्झी सेगरच्या वर्तमानपत्री चित्रपट्टीतला, पण पडद्यावर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागला तो फ्लायशर स्टुडिओत. डिस्नेची पात्रं कुरणात राहायची. फ्लायशरची पात्रं राहायची गल्लीत, धक्क्यावर, भाड्याच्या खोल्यांत. कदाचित म्हणूनच मला ती जवळची वाटतात.

आणि यंत्रांचा नाद सुटला नव्हताच. कार्टूनची पार्श्वभूमी सपाट दिसते, हे मॅक्सला खुपायचं. त्यानं काय केलं, तर गोल फिरणाऱ्या पाटावर रस्त्याची, गुहेची खरीखुरी छोटी मॉडेल्स उभी केली. पुढे पारदर्शक सेल्युलॉइडवर काढलेलं पात्र उभं धरायचं, एक फ्रेम घ्यायची, पाट किंचित फिरवायचा, पुढची फ्रेम घ्यायची. जवळच्या वस्तू भरभर सरकतात, लांबच्या सावकाश. एसटीच्या खिडकीतून दिसतं तसं. १९३६ चं 'पोपाय द सेलर मीट्स सिंदबाद द सेलर' मिळवून बघा. गुहेतला प्रसंग पाहताना हे कॉम्प्युटरशिवाय केलंय यावर विश्वास बसत नाही.

इथपर्यंत गोष्ट चढती आहे. १९३७ मध्ये स्टुडिओतल्या कामगारांनी कमी पगार आणि लांबलेल्या तासांवरून संप केला. तो पाच महिने चालला. मॅक्स स्वतःला कामगारांचा बाप समजायचा, त्यामुळे त्याला तो जिव्हारी लागला. मला विचाराल तर संपवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं. यंत्राचं दुखणं लगेच ओळखणाऱ्या मॅक्सला शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं दुखणं दिसलं नाही, हा त्याचा दोष मी झाकणार नाही. १९३८ मध्ये त्यानं अख्खा स्टुडिओ मायामीला हलवला. पैसा आला पॅरामाउंट कंपनीच्या कर्जातून. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'ला उत्तर म्हणून डिसेंबर १९३९ मध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' हा मोठा चित्रपट आला. तो अमेरिकेत चालला, पण युद्धामुळे युरोपचं मार्केट गेलं आणि कर्ज डोक्यावर राहिलं.

अशा वेळी पॅरामाउंटनं सांगितलं, सुपरमॅन करा. असं म्हणतात की, डेव्हला हे काम नकोच होतं, म्हणून त्यानं एका दहा मिनिटांच्या फिल्मला एक लाख डॉलर लागतील असा अवाच्या सवा आकडा सांगितला. आपण नाही का नको असलेल्या कामाला "सर, दोन महिने लागतील" म्हणतो! पण कंपनीनं घासाघीस करून पहिल्या फिल्मसाठी पन्नास हजारांवर सौदा पक्का केला. तोही नेहमीच्या कार्टूनच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त होता. झालं, अंगावर आलं ते शिंगावर घ्यावंच लागलं.

पहिली फिल्म २६ सप्टेंबर १९४१ ला लागली. सुपरमॅन चित्रपटगृहाच्या पडद्यावर आला तो यातच. चित्रकथेतला सुपरमॅन सुरुवातीला उडायचा नाही, लांब लांब उड्या मारायचा. त्या उड्या पडद्यावर हास्यास्पद दिसायला लागल्या, तेव्हा स्टुडिओनं त्याला सरळ उडू देण्याची परवानगी मागितली, अशी हकीकत सांगतात. ज्या उडण्यावर आज कोट्यवधी डॉलरचे सिनेमे निघतात, त्याच्यामागे एक शुद्ध तांत्रिक अडचण होती!

माझी सर्वांत आवडती फिल्म म्हणजे नोव्हेंबर १९४१ ची 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स'. एका शास्त्रज्ञाचे राक्षसी रोबो शहरात दरोडे घालतात. त्यांच्या हातांचे पंख होतात आणि ते उडून जातात. लोइस लेन ही बातमीदार घाबरून किंचाळत बसत नाही, ती थेट रोबोच्या पोटात शिरते! क्लार्क केंट टेलिफोन बूथमध्ये कपडे बदलतो तेही पहिल्यांदा इथंच. शेवटी वितळलेला धातू अंगावर येतो आणि सुपरमॅन आपला झगा पसरून लोइसला वाचवतो. काळ्या सावल्या, उंच इमारती, मशिनच्या तेलाचा वास येईल असे कारखाने. संवाद अगदी कमी. गोष्ट इवलीशी, पण एकही फ्रेम आळशी नाही. सेकंदाला २४ म्हणजे दहा मिनिटांत १४,४०० फ्रेम होतात. हातानं!

जपानच्या हायाओ मियाझाकींच्या १९८६ च्या 'लापुता'मधले रोबो पाहिले की ही फिल्म आठवतेच. १९९२ ची बॅटमॅनची कार्टून मालिका करणाऱ्यांनीही फ्लायशरचं ऋण मान्य केलंय. सतराच्या सतरा फिल्म सारख्या आहेत असं मात्र नाही. फ्लायशर नावाखाली झाल्या त्या पहिल्या नऊ. नंतरच्या आठांपैकी काही निव्वळ युद्धप्रचार आहेत आणि त्यातलं जपानी माणसांचं चित्रण आज बघवत नाही. पहिल्या नऊ बघा, बाकीच्या सावकाश.

पहिल्या फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं. बक्षीस डिस्नेच्या 'लेंड अ पॉ'नं नेलं. पण खरं नुकसान वेगळंच झालं होतं. पडद्यावर सुपरमॅन उडत होता तेव्हा मॅक्स आणि डेव्ह एकमेकांशी बोलत नव्हते. गच्चीवर नाचणारा डेव्ह आणि त्याची फिल्म घेणारा मॅक्स, एकाच इमारतीत बसून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचे. भांडणाचा फायदा तिसऱ्याला होतोच. मे १९४१ मध्येच कंपनीनं स्टुडिओ ताब्यात घेतला होता आणि नव्या करारात दोघांचे राजीनामे आधीच लिहून घेतले होते. डिसेंबरमध्ये 'मिस्टर बग गोज टू टाउन' हा दुसरा मोठा चित्रपट पुरा झाला, ऐन पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या आठवड्यात. तो पडला. डेव्ह आधीच बाहेर पडला होता. १९४२ उजाडताच मॅक्सही गेला. स्टुडिओचं नावसुद्धा बदललं.

पुढची तीस वर्षं मी एका परिच्छेदात आटोपतो, कारण ती लिहायला मला जड जातात. मॅक्सनं डेट्रॉइटच्या एका कंपनीत काम केलं. जुनी कार्टून्स टीव्हीला विकली गेली तेव्हा अनेक प्रतींवरून त्याचं नाव काढून टाकलं गेलं. तो कोर्टात गेला, हाती काही लागलं नाही. मुलगा रिचर्ड दिग्दर्शक झाला आणि त्याला बोलावलं कुणी, तर वॉल्ट डिस्नेनं! रिचर्डनं आधी वडिलांना विचारलं. जन्मभराच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव ऐकून मॅक्सनं आनंदानं होकार दिला. पुढे तो डिस्नेच्या स्टुडिओत गेला तेव्हा तिथं नोकरीला लागलेली त्याची जुनी माणसं त्याच्याभोवती जेवायला जमली. शेवटची वर्षं त्यानं सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात काढली आणि सप्टेंबर १९७२ मध्ये तो गेला.

आता माझं. गेल्या सेमिस्टरला आमचा प्रोजेक्ट एक्स्टर्नलसमोर फेल गेला हे विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बाटल्या निवडणारा कन्व्हेअर त्या दिवशी बाटल्या सरांच्या बुटांवर टाकत होता. का, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. मी आणि माझा पार्टनर एकाच रूममध्ये राहून तीन आठवडे बोलत नव्हतो. कारण आठवलं तर हसू येईल इतकं फालतू होतं. निरोप शेजारच्या रूममधल्या मित्रामार्फत जायचे. मी गिअर बदलले, ते त्याला सांगितलं नाही. त्यानं कोडमधलं टायमिंग बदललं, ते मला सांगितलं नाही. दोघांचेही बदल बरोबर होते, पण वेगवेगळे.

त्याहून वाईट म्हणजे, नंतर तो प्रोजेक्ट दुरुस्त करून मी एकट्यानं पेपर लिहिला आणि पहिल्या पानावर फक्त माझं नाव टाकलं. त्या रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉपवर 'मेकॅनिकल मॉन्स्टर्स' लावलं. सुरुवातीलाच पाटी आली, मॅक्स फ्लायशर. खाली डेव्ह फ्लायशर. ती पाटी मी शंभर वेळा पाहिली असेल. पण त्या काळात हे दोघं बोलत नव्हते आणि तरी दोन्ही नावं पडद्यावर होती, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पुढे यातलंच एक नाव पुसलं गेल्यावर एक म्हातारा कोर्टाच्या पायऱ्या चढला होता, हेही.

लॅपटॉप बंद न करताच फाइल उघडली आणि दुसरं नाव टाकलं. सकाळी दोन कटिंग घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो आणि गिअरपासून सगळं सांगितलं, पेपरचंही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुसऱ्या आकृतीत मोटर उलटी दाखवलीयस." आम्ही पूर्वीसारखे झालो असं म्हणणार नाही. पण आकृती दोघांनी मिळून नीट केली.

तर मित्रहो, पुढच्या रविवारी भुर्जीच्या गाडीवर या. फिल्म माझ्याकडे आहेत. पेन ड्राइव्ह तेवढा आणा. आणि फिल्म लावलीत की सुरुवातीची नावांची पाटी पुढे ढकलू नका.