कै. रेव्ह. नारायण वामन टिळक

चित्तपावन ज्ञातीत, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या या कविवर्यांचे स्मरण आम्ही मुद्दाम करीत आहोत. कारण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांना दूर लोटले. पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा वियोगही त्यांच्या वाट्यास आला. द्रव्यलोभाने धर्म सोडला, हा आक्षेप आम्हांस मुळीच पटत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले आणि केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवून, संन्यस्त वृत्तीने, सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. अभंग-ओव्यांची गोडी मात्र त्यांनी कधी सोडली नाही! ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.