नैवेद्यातील दारू आणि श्रीगाडगेबाबा

हातात खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि सोबत मातीचे गाडगे, अशी श्रीगाडगेबाबांची मूर्ती आपल्या घराघरांत परिचित आहे. त्यांचा स्वच्छतेचा उपदेशही सर्वांस ठाऊक आहे. परंतु या थोर चरित्राच्या मुळाशी दारूने उद्ध्वस्त झालेले एक घर आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाबांचे पुण्यस्मरण करताना तीच आम्ही सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. त्या व्यसनापायी घर खचले, शरीर खचले आणि डेबू लहान असतानाच त्यांचे देहावसान झाले. माता सखुबाई मुलास घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे मामाच्या घरी गुरे राखीत व शेतात राबत डेबूजी वाढले. शाळेचे तोंड त्यांस पाहावयास मिळाले नाही. पण पितृवियोगाने शिकविलेला धडा ते जन्मभर विसरले नाहीत.

त्या काळी नवस, बारसे, लग्न अशा प्रसंगी बकरे कापावे व दारू वाटावी, अशी रूढी होती. देवाच्या नावाने पुढे आलेला पेला नाकारणे म्हणजे देवाचा व भाऊबंदांचा अपमान समजला जाई. डेबूजींस कन्यारत्न झाले, तेव्हा बारशास जमलेली मंडळी त्याच अपेक्षेने आली होती. डेबूजींनी मात्र त्यांस गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुष्ट झाले, तरी ते ढळले नाहीत. आमच्या मते बाबांचे पहिले कीर्तन हेच होय. ते शब्दांनी नव्हे, पंक्तीतील ताटाने झाले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. साध्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारून ते दारू, पशुहत्या, कर्जबाजारीपणा आणि अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या; स्वतः मात्र भाकरीच्या तुकड्यावर राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? पिणारा मनुष्य एकटा पीत नाही. त्याच्या हाती पेला देणारी रूढी व मित्रमंडळी आसपास असते. म्हणून त्याने एकट्याने निर्धार करावा, असे म्हणून समाजास मोकळे होता येत नाही. व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र आज सांगते. अनेक वर्षे अतोनात पिणाऱ्याने ती एकाएकी तोडल्यास झटके व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. यास्तव डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आणि केंद्र शासनाची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा यांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पत्नी व मुलांनीही लोकलज्जेस्तव मुकाट्याने सोसू नये.

घरी परतलेल्या अशा बांधवास मागील दिवसांची आठवण देऊन टोचू नये. त्यास उत्सवाच्या कामात घ्यावे, पंक्तीस शेजारी बसवावे. आपल्या घरचे कोणतेही मंगल कार्य दारूवाचून साजरे व्हावे. खराट्याने अंगण झाडणे सोपे आहे. पंक्तीतून पेला उचलणे कठीण. बाबांनी दोन्ही केले. त्यांच्या चरणी आमची हीच सेवा रुजू होवो.