कर्करोग संशोधनाचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर

भारतीय विकृतिशास्त्राचे जनक डॉ. खानोलकर यांचा जन्म १८९५ साली क्वेट्टा येथे झाला. लंडनची एम.डी. पदवी संपादून त्यांनी मुंबईत अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा त्यांनी वाहिली. शल्यचिकित्सकांनी काढलेल्या गाठीचे निदान करून ते थांबत नसत. रुग्णाचा प्रांत, वेश व सवयीही अभ्यासत. चुना-तंबाखू ओठामागे धरणाऱ्यांना ओठाचा, तर कमरेला धोतर घट्ट आवळणाऱ्यांना तेथील त्वचेचा कर्करोग जडतो, हे त्यांनी १९४५ मध्ये मांडले. १९५२ मध्ये ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक झाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले. धर्माने सांगितलेल्या व्यसनत्यागाला त्यांच्या सूक्ष्मदर्शकाने पुरावा दिला. तो घरोघरी आचरणात आणणे हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.