गुरांची साथ, कायदा आणि वैद्य लान्चिझी

जनावरांची साथ ही जितकी वैद्यकाची बाब आहे तितकीच ती कायद्याचीही आहे. कोणत्या गोठ्यात रोग शिरला हे पशुवैद्य सांगू शकेल. परंतु त्या गोठ्यातील जनावर बाजाराच्या वाटेस लागू नये ही व्यवस्था राज्यसत्तेनेच केली पाहिजे. हे तत्त्व ज्याने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी रोम येथे अमलात आणविले, त्या जोव्हान्नी मारिया लान्चिझी या विख्यात वैद्याचे चरित्र प्रत्येक लोकहितेच्छूने मनन करण्याजोगे आहे.

लान्चिझीचा जन्म १६५४ साली रोम येथे झाला. अठराव्या वर्षीच वैद्यकाची पदवी घेऊन त्याने सांतो स्पिरितो या जुन्या रुग्णालयात उमेदवारी केली व १६८४ साली तो रोमच्या विद्यापीठात शारीरशास्त्राचा अध्यापक झाला. पुढे पोपच्या राजवैद्याचा मान त्यास मिळाला. १७०६ साली रोममध्ये आकस्मिक मृत्यू होऊ लागून लोक भयभीत झाले, तेव्हा पोप अकरावे क्लेमंट यांच्या आज्ञेवरून त्याने प्रेते तपासून कारणे शोधली आणि पुढच्याच वर्षी त्यांवर ग्रंथ लिहिला. तर्कापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेले प्रमाण मानावे, हा त्याचा बाणा होता.

या बाण्याची खरी कसोटी गुरांच्या साथीत लागली. १७११ साली उत्तर इटलीत पादुआच्या बाजूस बुळकांडी उद्भवली व दोन वर्षांत ती पोपच्या मुलखात शिरली. ताप, तोंडात व्रण, नाकाडोळ्यांतून स्राव, नंतर जुलाब आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, असा या रोगाचा क्रम. नांगराचे बैल मेले म्हणजे पेरणी बुडाली, आणि पेरणी बुडाली म्हणजे दुष्काळ दारी आला! रोगाचे मूळ एक विषाणू आहे हे १९०२ साली सिद्ध व्हावयाचे होते. तरी रोग आजारी जनावरापासून निरोगी जनावरास लागतो, हे लान्चिझीने ओळखले.

त्याचा सल्ला स्पष्ट होता. गुरांची ने-आण बंद करावी. रोगी व संशयित जनावरे मारून चुन्यासह खोल पुरावी. कातडे विकू देऊ नये. गोठे स्वच्छ करावे. हे उपाय कठोर म्हणून त्यांस विरोध झाला. आधी औषध शोधावे, असे काहींचे म्हणणे होते. औषध सापडण्याची वाट पाहत बसल्यास तोवर रोग साऱ्या मुलखात पसरेल, असे लान्चिझीचे मत होते. अखेर क्लेमंट यांनी हुकूम काढला. तो मोडणाऱ्या सामान्य माणसास देहान्त शासन, तर धर्मोपदेशकास गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा ठेविली होती. काही महिन्यांतच साथ आटोक्यात आली. या अनुभवाचा ग्रंथ त्याने १७१५ साली प्रसिद्ध केला. दलदल आणि हिवताप यांच्या संबंधावरील ग्रंथ १७१७ साली निघाला. १७२० साली रोम येथेच त्याचा अंत झाला.

लान्चिझीची योग्यता निर्विवाद आहे; तथापि केवळ दंडाच्या भयावर विसंबलेला कायदा आम्हांस अपुरा वाटतो. ज्याचे सर्वस्व दोन बैलांत आहे, तो शेतकरी रोगाची खबर देऊन आपल्या हाताने आपला नाश कसा ओढवून घेईल? तो जनावर लपवील किंवा रातोरात विकून मोकळा होईल. १७१४ साली इंग्लंडात तीच साथ आली, तेव्हा टॉमस बेट्स या शस्त्रवैद्याने रोगी गुरे नष्ट करविताना मालकांस भरपाई देवविली, आणि साथ थोड्याच महिन्यांत हटली. हीच राजनीती होय.

आपल्या देशाने बुळकांडीशी झुंज दिली ती मुख्यतः लशीच्या बळावर. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली व ती १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली. तेथे पुढे बकऱ्यांतून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. स्वतंत्र भारताने १९५४ साली देशव्यापी मोहीम उघडली; २००६ साली भारत, आणि २०११ साली सारे जग या रोगापासून मुक्त ठरले. त्याच २००६ साली नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आला, तेव्हा पक्षी मारले गेले व मालकांस भरपाईही देण्यात आली.

२००९ च्या कायद्याने अनुसूचित रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. बंधन योग्यच आहे. परंतु खबर देणाऱ्याचे नुकसान साऱ्या समाजाच्या रक्षणार्थ होते. तेव्हा ते समाजाने सोसणे न्याय्य आहे. भरपाई पुरेशी असावी, ती वेळेवर मिळावी, आणि तिच्यासाठी शेतकऱ्यास कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. असे झाले तरच गोठ्याचे दार पशुवैद्यास आपण होऊन उघडले जाईल.